लुइझियानाचा गंबो पुण्यात: फिलेच्या बाटलीपासून सोमवारच्या वाटीपर्यंत

गंबो घरी करायचं मनात आलं की पहिली धास्ती बसते ती सामानाच्या यादीची. आंदुई सॉसेज मिळत नाही, फिले पावडर कुठल्या वाण्याकडे नाही, सेलरी कधी असते, कधी नसते. यादी वाचूनच निम्मे लोक बेत रद्द करतात. खरं तर त्या यादीतल्या बहुतेक नावांना इथे पर्याय आहे, एकदोन तर मूळच्या तोडीचे. पर्याय नाही तो एकाच गोष्टीला: मैदा आणि तेल तासभर परतून काळपट केलेल्या ‘रू’ला. आणि रूसाठी लागणारं सगळं घरात आधीपासूनच असतं. म्हणून हा सगळा बेत, सामान जमवण्यापासून उरलेला रस्सा फ्रीजरमध्ये जाईपर्यंत, ज्या क्रमाने पार पडला त्याच क्रमाने लिहीत आहे.

आधी थोडी ओळख. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला जिथे मिळते, त्या लुइझियाना राज्याचा हा रस्सा. खोलगट वाटीत थोडा भात, त्यावर भरपूर गंबो, आणि चमचा. 2004 पासून राज्याने त्याला अधिकृत मान दिलेला आहे. त्या पातेल्यात बऱ्याच जणांचा वाटा आहे. 1719 मध्ये पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांची पहिली जहाजं त्या फ्रेंच वसाहतीत लागली. भेंडी रांधण्याची आणि भात पिकवण्याची जाण त्यांनी आणली. फिले म्हणजे सॅसाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड, ती चोक्टॉ या तिथल्या मूळ रहिवाशांची. मैदा स्निग्धात परतून रस्सा दाटवण्याची रीत फ्रेंचांची. हे सांगायचं कारण अगदी व्यावहारिक आहे. गंबो दाटवायचे तीन मार्ग आहेत: रू, भेंडी आणि फिले. कोणता कधी वापरायचा हे कळलं की निम्मी पाककृती कळली.

न्यू ऑर्लिन्स शहरातला क्रिओल, म्हणजे तिथल्या मिश्र फ्रेंच-आफ्रिकी वळणाचा गंबो बहुधा कोळंबी, खेकडे, कालवं घालून होतो आणि त्यात टोमॅटो चालतो. पश्चिमेकडच्या केजन गावांत, म्हणजे कॅनडातून आलेल्या फ्रेंचभाषकांच्या वंशजांच्या वस्तीत, कोंबडी आणि सॉसेज, रू जास्त काळी, आणि टोमॅटोचं नाव काढलं तर लोक वाद घालायला बसतात. पुण्यात मासळी बर्फातून येते, गावरान कोंबडी मात्र चांगली मिळते, म्हणून केजन पद्धत धरली. मुंबईत किंवा रत्नागिरीला राहणाऱ्यांनी बेलाशक उलट करावं.

दिवसही मुद्दाम निवडला. 2025 मध्ये मार्दी ग्रा 4 मार्चला, मंगळवारी होता. ख्रिस्ती लोकांचे ईस्टरआधीचे लेंटचे उपास सुरू होण्याआधीचा हा शेवटचा खाण्यापिण्याचा दिवस, गोव्याचा कार्निव्हलही याच मंगळवारी संपतो. मामू, युनिससारख्या केजन गावांत त्या दिवशी मुखवटे घातलेली टोळी घोड्यांवरून घरोघर फिरते आणि तांदूळ, सॉसेज, जिवंत कोंबडी मागते. आपल्याकडे शिमग्यात पोस्त मागतात तशीच ही मागणी, फक्त जमलेल्या सामानाचा संध्याकाळी गावासाठी गंबो होतो. मंगळवारी इथे सुट्टी कुठली, म्हणून रविवार 2 मार्च ठरला.

तयारी जानेवारीपासून सुरू करावी लागली, ती फिलेमुळे. परदेशातल्या कोणाला तरी भेट म्हणून पार्सल पाठवायला सांगावं, ही पहिली कल्पना सोडून दिलेली बरी. भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या वस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं एवढाच अपवाद राहिला. पूर्ण शुल्क भरून पार्सल सोडवता येतं, पण पाच डॉलरच्या मसाल्यासाठी कागदपत्रं भरत बसण्यात अर्थ नाही. ह्यूस्टनहून फेब्रुवारीत पुण्याला येणाऱ्या नातेवाइकांना एक बंद बाटली सामानात टाकायला सांगितली. टेक्सासच्या त्या भागात ती साध्या किराणा दुकानातही असते. सॉसेजही आणाल का, हा मोह पुढचा, तो आवरावा. सीमाशुल्काच्या घोषणापत्रात मांस आणि मांसाच्या पदार्थांचा वेगळा रकाना असतो, तिथे खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहिलं तर पाकीट विमानतळावरच राहण्याची शक्यता जास्त.

सॅसाफ्रासबद्दल इंटरनेटवर भीतिदायक काही वाचलं असेल तर एवढं ध्यानात ठेवा. त्या झाडाच्या तेलातल्या सॅफ्रोल या घटकावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1960 मध्ये खाद्यपदार्थांत बंदी घातली. तो मुख्यतः मुळांच्या सालीत असतो. पानांत तो नगण्य, त्यामुळे फिले तिथे राजरोस विकली जाते. आणि बाटली मिळालीच नाही तर? काही बिघडत नाही. पूर्वी फिले हिवाळ्यातली होती, भेंडी उन्हाळ्यातली. भेंडीचा हंगाम संपला की फिले बाहेर निघायची. आपल्याकडे भेंडी बारा महिने.

फेब्रुवारीत सॉसेजचा शोध. आंदुई म्हणजे डुकराच्या मांसाचे जाडसर तुकडे, लसूण, मिरी, आणि मग पेकनच्या लाकडावर दीर्घ धुरी. न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला लाप्लास नावाचं गाव त्यासाठीच ओळखलं जातं. इथे ‘स्मोक्ड’ असं छापलेली जी पाकिटं कोल्ड स्टोरेजच्या दुकानात मिळतात त्यांतली बरीचशी मऊ वाटलेल्या मांसाची असतात. ती दोन तास रश्श्यात उकळली की रबरासारखी होतात आणि चव पाण्यात सोडून स्वतः फिकी पडतात. म्हणून घेताना पाकिटावरचं वाचा: पोर्क, मांसाचं प्रमाण जास्त, कापल्यावर चरबीचे ठिपके दिसणारं. तसं नाहीच मिळालं तर चिकनचंही चालेल, पण ते शेवटच्या वीस मिनिटांत घालायचं. 350 ग्रॅम पुरतं, साडेचारशे रुपयांच्या आसपास गेले.

गोव्याचं चोरिस वापरता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. येतं, पण जपून. चोरिसात व्हिनेगर आणि काश्मिरी मिरची भरपूर, त्यामुळे रस्सा आंबूस होतो आणि रूचा तपकिरी रंग लालीकडे झुकतो. सबंध 350 ग्रॅम चोरिसाचा गंबो चवदार होईल, पण त्याला गंबो म्हणणं कठीण. 80 ते 100 ग्रॅम, आवरणातून काढून, वेगळं परतून, सुटलेली लाल चरबी निथळून घातलं तर बाकीच्या सपक सॉसेजला धार येते. मी ते घातलं नाही, धुराचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने केला. तो मार्ग आपल्या स्वयंपाकघरात आहेच: धुंगार. त्याचं पुढे येईल.

भाज्यांमध्ये कांदा, सिमला मिरची आणि सेलरी या तिघांना लुइझियानात ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. प्रमाण सैल असतं. कांदा दोन वाटे, बाकी एकेक वाटा धरला: 300 ग्रॅम कांदा, 150 ग्रॅम हिरवी सिमला मिरची, सेलरी 120 ग्रॅम. सेलरी थोडी कमी का? आपल्याकडची सेलरी बहुतेक वेळा बारीक देठांची, पालेदार आणि उग्र असते. अमेरिकेतल्या जाड, पाणीदार देठांच्या हिशेबाने घातली तर तीच बोलत राहते. पानं काढून स्टॉकमध्ये टाका, देठ रश्श्यात. मंडईत ‘इंग्लिश भाजी’वाल्यांकडे शुक्रवार-शनिवारी मिळण्याची शक्यता जास्त, जुडी साठ-सत्तर रुपये. लाल-पिवळी सिमला मिरची नको, तिचा गोडवा इथे नडतो.

मसाल्यात एक गोष्ट फार महत्त्वाची, आणि तीच सर्वांत जास्त वेळा चुकते: तमालपत्र. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्याला दालचिनी-लवंगेचा वास. पाककृतीत लिहिलेलं ‘बे लीफ’ हे लॉरेलचं पान, पूर्ण वेगळं झाड. पान उलटून पाहा: आपल्या पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन शिरा असतात, लॉरेलवर मधोमध एकच. आपलं पान घातलं की गंबोला पुलावाचा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही. लॉरेल मोठ्या किराणा दुकानांत बाटलीत मिळतं. नाहीच मिळालं तर काहीच घालू नका. थाईमचं तसं नाही. वाळलेलं थाईम सहज मिळतं, आणि संपलंच असेल तर ओव्याची चिमूट वेळ मारून नेते, कारण दोघांतही थायमॉल असतं. चिमूटच मात्र, ओवा लगेच भजीची आठवण करून देतो. तिखटासाठी केयेन मिरचीऐवजी लवंगी मिरचीचं तिखट अर्धा चमचा. बेडगी नुसती रंग देईल. शिवाय काळी मिरी एक चमचा, पांढरी मिरी अर्धा. न्यू ऑर्लिन्सचे नावाजलेले केजन शेफ पॉल प्रुडोम यांच्या कृतींत हे तिन्ही तिखटपणे एकत्र असतात, आणि त्याला कारण आहे: एक जिभेवर लागतो, एक घशात, एक मागून येतो.

तांदूळ कोलम, जुना. इंद्रायणी चिकट होतो, बासमतीचा सुवास रूच्या खरपूस वासाशी भांडतो.

शनिवारी, 1 मार्चला, स्टॉक. साफ केलेली गावरान कोंबडी सव्वा किलोच्या आसपास, साडेसहाशे रुपये. दुकानदाराला फक्त आठ तुकडे करायला सांगा, रश्श्याचे बारीक तुकडे केले तर हाडांच्या कपच्या सगळीकडे होतात. लुइझियानात जुनी, अंडी देऊन थकलेली कोंबडी गंबोला पसंत करतात, कारण तिच्या हाडांत चव असते आणि मांस लवकर विरघळत नाही. आपली गावरान त्याच गुणाची. ब्रॉयलर घेतलीत तर स्टॉक फिका आणि मांसाचा लगदा, एवढं लक्षात ठेवून घ्या. तुकडे थोड्या तेलात चहूबाजूंनी तांबूस केले, साडेसात लिटरच्या कुकरमध्ये घातले, एक कांदा, सेलरीची पानं, मिरीचे दाणे आणि अडीच लिटर पाणी. मीठ नाही. सॉसेजमध्ये मीठ असतंच, आणि रस्सा उद्या आटणार आहे. पाच शिट्ट्या, कुकर आपोआप उतरू दिला. मांस सोडवून बाजूला काढलं, हाडं परत त्याच पाण्यात घालून झाकण न लावता आणखी पाऊण तास. गाळल्यावर सव्वादोन लिटर आलं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की वर चरबीचा थर जमतो, तो फेकू नका. बाजारातल्या तयार स्टॉक क्यूबचं पाणी वापरायचं असेल तर त्यातलं मीठ मोजून वापरा. माझं मत विचाराल तर ते वापरण्यापेक्षा बेत पुढच्या रविवारवर ढकलावा.

रविवारी सकाळी साडेनऊला सॉसेज. एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या तिरप्या कापून तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत परतल्या. मग धुंगार: चकत्या स्टीलच्या पातेल्यात पसरून मधे छोटी वाटी, त्यात लालबुंद निखारा, निखाऱ्यावर अर्धा चमचा तेल आणि लगेच घट्ट झाकण. चार मिनिटं, जास्त नाही, धूर फार झाला की कडवट होतो. तूप नको, तुपाचा वास सॉसेजवर चढतो. धुंगार सॉसेजलाच द्यायचा, शिजलेल्या गंबोच्या पातेल्याला नाही. तिथे धूर वरच्या तेलातच राहतो आणि पहिल्या दोन वाट्यांना सगळा येतो.

त्याच वेळी दुसऱ्या शेगडीवर भेंडी, 400 ग्रॅम. अर्ध्या गंबोत भेंडी आणि अर्ध्यावर पानात फिले असा बेत होता, दोन्हींची चव शेजारी शेजारी घेता यावी म्हणून. मराठी घरात भेंडीच्या बुळबुळीतपणाशी कसं वागायचं हे शिकवायला नको: धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून मगच चिरायची. इथेही तेच. तीन चमचे तेलात मोठ्या आचेवर, मग मध्यम, आणि चमचाभर साधं व्हिनेगर. आमसूल चालेल, पण ते स्वतःची चव आणि काळपटपणा आणतं. वीस-पंचवीस मिनिटांत तारा सुटायच्या थांबतात आणि कडा तपकिरी होतात. कच्चीच भेंडी थेट पातेल्यात टाकली तर रस्सा दाट होण्याऐवजी तार धरतो. परतून, मग रश्श्यात तीन पाव तास शिजून ती विरघळायला लागली की जो दाटपणा येतो तो हवा.

आता रू. इथे पाऊण तास ते एक तास शेगडी सोडून हलता येत नाही. फोन बंद, दाराची बेल दुसऱ्या कोणाच्या जिम्म्यावर, पाणी आधीच पिऊन घ्या. कांदा, सिमला मिरची, सेलरी चिरून हाताशी हवी, कारण हवा तो रंग आला की भाजी चिरायला वेळ नसतो. आणि मुलांना स्वयंपाकघराबाहेर. रू उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते आणि कातडीला चिकटून बसते. प्रुडोम तिला ‘केजन नेपाम’ म्हणायचे (नेपाम म्हणजे अंगाला चिकटून जळणारं युद्धातलं इंधन), ते गमतीने नाही. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घातलेला बरा.

प्रमाण: मैदा 150 ग्रॅम, चाळून. रिफाइंड शेंगदाणा तेल 160 मिलिलिटर, म्हणजे वजनाने साधारण तेवढंच. राइस ब्रान किंवा सूर्यफूलही चालेल. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश मैद्याच्या खूप आधी जळतो. लाकडी घाण्याचं तेल लवकर धुरावतं. कणीकही नको, कोंडा आधी काळा पडतो आणि रू जळली असा भास होतो. भांडं जाड बुडाचं. बिडाची कढई उत्तम, पण तिच्या काळ्या पृष्ठभागावर रूचा रंग कळत नाही, म्हणून शेजारी पांढरी बशी ठेवून दर पाच मिनिटांनी थेंब टाकून पाहायचा. नॉनस्टिक टाळा. चमचा लाकडी आणि सपाट टोकाचा हवा, कारण बुडाचा प्रत्येक इंच खरवडला गेला पाहिजे. आपल्या गॅसची ज्योत कड्यासारखी लागते आणि नेमक्या त्या वर्तुळावर मैदा करपतो. कढईखाली जुना लोखंडी तवा ठेवला तर उष्णता पसरते, वेळ दहा मिनिटं वाढतो, पण जीव शांत राहतो.

तेल चांगलं तापलं, मैद्याची चिमूट टाकल्यावर लगेच फसफसली, मग मैदा तीन वेळा करून घातला. पहिली पाच मिनिटं पातळ, पांढरट, फेसाळ. दहाव्या मिनिटाला कच्च्या पिठाचा वास जातो. विसाव्याच्या आसपास शेंगदाण्याच्या लोण्याचा रंग, भाजक्या दाण्यांचा वास. इथे घरातलं प्रत्येक जण ‘झालं की, बास’ म्हणतं, आणि खरंच हात भरून आलेला असतो. थांबायचं नाही. या रंगाच्या रूने रस्सा पिठूळ, पांढऱ्या सॉससारखा होतो. तिसाव्या-पस्तिसाव्या मिनिटाला तांब्याच्या नाण्याचा रंग, रू एकदम सैल पडते. पन्नासाव्याच्या पुढे दुधाळ चॉकलेट, मग गडद चॉकलेट, आणि वास कॉफीच्या बियांकडे झुकतो. शेवटची दहा मिनिटं भीतीची असतात. रंग पहिल्या अर्ध्या तासात हळू बदलतो आणि शेवटी दोन मिनिटांत पायरी ओलांडतो, म्हणून चाळिसाव्या मिनिटानंतर आच आणखी कमी. मी दुधाळ आणि गडद यांच्या मधे थांबवली. अगदी काळ्या रूला कडवटपणाची किनार येते, ती सगळ्यांना रुचत नाही.

काळे कण दिसले आणि डोळ्यांत चरचरणारा वास आला तर ती जळली. गाळून, साखर घालून, स्टॉक वाढवून काही होत नाही. कढई निवू द्या, मैदा-तेल टाकून द्या, धुऊन पुन्हा सुरू करा. तीस रुपयांचं नुकसान आहे. जळलेल्या रूवर साडेसहाशेची कोंबडी घालणं हे खरं नुकसान.

काळी रू कमी दाटवते, हेही कळलेलं बरं. भाजताना मैद्यातलं स्टार्च तुटून छोट्या साखळ्यांचं डेक्स्ट्रिन होतं आणि त्याची पाणी धरायची ताकद घटते. म्हणून सव्वादोन लिटरला 150 ग्रॅम मैदा वाचताना भरमसाट वाटतो, पण रस्सा तरी पातळच राहतो. तसाच हवा, भातात झिरपणारा. घाबरून कॉर्नफ्लोअर घालू नका.

हातासाठी पर्याय विचाराल तर ओव्हन आहे. 175 अंशांवर झाकण नसलेल्या जाड भांड्यात दीड ते दोन तास, दर वीस मिनिटांनी ढवळून. घरगुती ओटीजी एका बाजूने जास्त तापतात, तिथे दर पंधरा मिनिटांनी. रू आधी करून बाटलीत घालून फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहते, त्यामुळे हा तास जेवणाच्या दिवशीच घालवायला हवा असंही नाही.

रंग आला त्या क्षणी सगळा कांदा कढईत. जोरात वाफ उसळते, तोंड मागे ठेवा. कांद्याच्या पाण्याने तापमान उतरतं आणि रूचं पुढे करपणं थांबतं. नुसता गॅस बंद केला तर कढईच्या उष्णतेने ती आणखी एक पायरी चढते. कांदा पडल्यावरही रंग थोडा गडद होतो, त्याचा हिशेब धरूनच थांबायचं. चार मिनिटांनी सिमला मिरची आणि सेलरी, आणखी सहा-सात मिनिटांनी ठेचलेला लसूण, आठ पाकळ्या, आणि सुके मसाले. हा सगळा गोळा आता मोठ्या पातेल्यात.

स्टॉक कोमट असावा, पळी-पळीने घालत, प्रत्येक पळी मिसळल्यावर पुढची. एकदम ओतला की गुठळ्या होतात. एक उकळी आली की आच बारीक, दोन लॉरेल पानं, आणि दीड तास. पहिल्या अर्ध्या तासात वर तेलाचा तवंग आणि फेस येतो. हे बिघडणं नव्हे, काळ्या रूचं तेल सुटतंच. पळीने काढून टाका, वाटीभर निघालं. मधूनमधून बूड खरवडा. वेळ वाचवायला या टप्प्यावर कुकर लावायचा मोह होईल, तो नको: मैदा बुडाला बसतो आणि शिट्टी व्हायच्या आत लागतो.

पाऊण तासाने गंबो दोन पातेल्यांत विभागला. एकात भेंडी. दोन्हींत सॉसेज आणि सोडवलेलं कोंबडीचं मांस शेवटच्या अर्ध्या तासाला. मीठ अगदी शेवटी चाखून, एक सपाट चमचाच लागला. पातीच्या कांद्याची हिरवी पात आणि पार्स्ली गॅस बंद करताना. पार्स्ली नसेल तर पातच जास्त घाला, कोथिंबीर घातली की पातेलं देश बदलतं.

कोळंबीचा करणाऱ्यांसाठी एवढंच: स्टॉक डोकी आणि टरफलांचा, पाऊण तासात होतो. सोललेली कोळंबी गॅस बंद करण्याआधी पाच मिनिटं. दोन तास उकळलेली कोळंबी दोऱ्यासारखी लागते. खेकडा असेल तर त्याचे तुकडे सुरुवातीलाच.

दोन वाजता जेवण. वाटीत अर्धी मूद भात, वर दोन डाव रस्सा. फिले पातेल्यात नाही, प्रत्येकाच्या वाटीत, सपाट अर्धा चमचा, ढवळून मिनिटभर थांबायचं. उकळत्या पातेल्यात घातली तर ती तार धरते. बाटलीवर हे लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. वास थोडा मातकट, थोडा पानांचा, आपल्याकडच्या कशाचीच ओळख न देणारा. भेंडीचा वाटा जास्त दाट, गोडसर. फिलेचा जास्त मोकळा, रूची खरपूस चव पुढे येणारा. आठ जणांत मतं विभागली, ज्येष्ठांनी भेंडी उचलली. केजन भागात काही घरी भाताऐवजी बटाट्याच्या सॅलडचा गोळा गंबोत बुडवतात, तेही करून पाहण्यासारखं आहे, फक्त सॅलड गार आणि गंबो कढत हवा.

सगळा खर्च, फिलेची बाटली धरून, दोन हजारांच्या आत राहिला.

मार्चमध्ये पुण्यातली दुपार तापलेली असते, त्यामुळे उरलेला गंबो ओट्यावर संध्याकाळपर्यंत ठेवू नका. उथळ भांड्यांत काढून, पातेलं गार पाण्यात बसवून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सोमवारी वर जमलेला चरबीचा थर चमच्याने उचलता येतो, आणि रू, मिरी, धूर हे सगळं एकमेकांत मुरलेलं असतं. आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी वाढणं हा पाहुण्यांसाठीचा शहाणा मार्ग. गरम करताना बारीक आच, आटला असेल तर स्टॉक किंवा पाणी. भात मिसळलेला गंबो कधीच साठवू नका, भात सगळा रस पिऊन फुगतो. फ्रीजरमध्ये दोन महिने टिकतो, भेंडीचाही. फिले घातलेल्या वाट्या मात्र त्याच बैठकीत संपवा, त्या पुन्हा गरम केल्या तर चमच्यामागे तार येते.